बायोमेडिकल इंजिनिअरिंग आणि वैद्यकीय उपकरणं: कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीनंतर शाखा निवडणारे विद्यार्थी, दहा-वीस खाटांचं हॉस्पिटल चालवणारे डॉक्टर आणि उद्यमनगर-शिरोलीतले कारखानदार एकाच विषयावर वेगवेगळे प्रश्न विचारतात. त्यातले नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

बायोमेडिकल इंजिनिअर नेमकं काय काम करतो?

रुग्णाच्या शरीराशी ज्या यंत्राचा संबंध येतो ते यंत्र डिझाइन करणं, तपासणं, बसवणं आणि पुढे वर्षानुवर्षं खरं ठेवणं. यातला शेवटचा भाग सगळ्यात मोठा, आणि त्याच्याकडेच सगळ्यात जास्त कानाडोळा होतो. बंद पडलेलं मशीन निदान कळतं तरी. मशीन चालू आहे, दिवा लागलाय, स्क्रीनवर आकडा आहे, पण आकडाच चुकीचा आहे, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. डॉक्टर मात्र त्याच आकड्यावर औषधाचा डोस ठरवतात. म्हणून या क्षेत्रात ‘चालू आहे का’ एवढं विचारून भागत नाही, ‘खरं सांगतंय का’ हे कायम विचारावं लागतं.

हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्याला क्लिनिकल इंजिनिअर म्हणतात. कंपनीत डिझाइन, क्वालिटी, परवाने आणि सर्व्हिस असे वेगवेगळे विभाग असतात. कृत्रिम सांधे आणि झडपा, कृत्रिम हात-पाय, ईसीजी-ईईजीसारख्या सिग्नलवरचं काम, प्रतिमांवरचं सॉफ्टवेअर हे सगळं याच शाखेत येतं.

मग एक्स-रे टेक्निशियन आणि सर्व्हिस इंजिनिअर वेगळे कसे?

टेक्निशियन मशीन रुग्णावर वापरतो. सर्व्हिस इंजिनिअर एका कंपनीची ठरावीक मॉडेलं दुरुस्त करतो, आणि त्यात तो तरबेज असतो. हॉस्पिटलचा बायोमेडिकल इंजिनिअर सगळ्या कंपन्यांची सगळी मशीन एकत्र बघतो: कोणतं घ्यायचं, कुठे बसवायचं, कधी तपासायचं आणि कधी भंगारात काढायचं. लहान हॉस्पिटलला पूर्णवेळ माणूस परवडत नसेल, तर तीन-चार हॉस्पिटलांनी मिळून एक ठेवला तरी काम भागतं.

वैद्यकीय उपकरणांचे प्रकार कोणते?

कामावरून पाहिलं तर निदानाची (एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी, एमआरआय, ईसीजी), देखरेखीची (मल्टिपॅरा मॉनिटर, पल्स ऑक्सिमीटर), उपचाराची (सिरिंज पंप, विजेने कापणारी आणि रक्त थांबवणारी कॉटरी, डायलिसिस, नवजात बाळाची फोटोथेरपी) आणि जीव वाचवणारी (व्हेंटिलेटर, डिफिब्रिलेटर). शरीरात बसवायच्या वस्तूंचा गट वेगळा: स्टेंट, पेसमेकर, हाडाच्या प्लेटा, गुडघ्याचा सांधा, हृदयाची झडप. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत तयार झालेली झडप रुग्णाला पहिल्यांदा डिसेंबर १९९० मध्ये बसवली गेली. भारतीय इंजिनिअर आणि सर्जन एकत्र बसले की काय होऊ शकतं, ते विद्यार्थ्यांनी या झडपेवरून बघावं. शिवाय लॅबमधले अॅनालायझर, ऑटोक्लेव्हसारखी निर्जंतुकीकरणाची साधनं, आणि व्हीलचेअर, कानाचं मशीन, जयपूर फूट यांसारखी आधाराची साधनं आहेतच. निदान किंवा उपचारासाठी वापरलं जाणारं नुसतं सॉफ्टवेअरसुद्धा कायद्याच्या नजरेत उपकरण ठरू शकतं.

ए, बी, सी, डी हे वर्ग काय असतात?

ही वर्गवारी धोक्यावरून केलेली आहे. ‘वैद्यकीय उपकरण नियम २०१७’ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत आणि त्यात चार वर्ग आहेत. ए म्हणजे सगळ्यात कमी धोका: स्टेथोस्कोप, व्हीलचेअर, साधी खाट. बी मध्ये बीपी मशीन, डिजिटल थर्मामीटर, इंजेक्शनची सुई. सी मध्ये व्हेंटिलेटर, इन्फ्यूजन पंप, हाडाच्या प्लेटा. डी म्हणजे सगळ्यात जास्त धोका: स्टेंट, पेसमेकर, झडप.

सुरुवातीला मोजकीच उपकरणं कायद्याखाली होती. १ एप्रिल २०२० पासून सगळीच आली. ए आणि बी साठी १ ऑक्टोबर २०२२ पासून, तर सी आणि डी साठी १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना बंधनकारक झाला. उपकरण भारतात बनवायचं असेल तर ए आणि बी चा परवाना राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं, सी आणि डी चा केंद्रीय औषध मानक नियंत्रण संस्था (सीडीएससीओ) देते. आयात कोणत्याही वर्गाची असो, ती केंद्राकडेच जाते. खरेदी करताना लेबलवर परवाना क्रमांक, बॅच किंवा सिरियल नंबर, उत्पादनाची तारीख आणि बनवणाऱ्याचा पत्ता आहे का बघा. नसेल तर स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका.

बोटाला लावायचं पल्स ऑक्सिमीटर कसं चालतं, आणि ते कधी फसवतं?

चिमट्याच्या एका बाजूला दोन एलईडी असतात: एक सुमारे ६६० नॅनोमीटरचा लाल, दुसरा सुमारे ९४० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड. समोर प्रकाश टिपणारा फोटोडायोड असतो. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन इन्फ्रारेड जास्त शोषतं, ऑक्सिजन सोडलेलं लाल जास्त शोषतं. दोन्ही दिवे सेकंदाला शेकडो वेळा आलटून पालटून लागतात. नाडीच्या ठोक्याबरोबर प्रकाश जेवढा कमी-जास्त होतो तेवढाच भाग मशीन उचलतं आणि त्वचा, हाड, शिरा यांचा स्थिर भाग बाजूला टाकतं. दोन्ही रंगांच्या या चढउताराचं गुणोत्तर काढून आत साठवलेल्या तक्त्यावरून टक्केवारी दाखवली जाते. हे तत्त्व जपानी इंजिनिअर ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलं.

हा तक्ता निरोगी माणसांवर मोजमापं घेऊन बनवलेला असतो. म्हणून ७० ते १०० टक्क्यांच्या पट्ट्यात साधारण २ ते ३ टक्क्यांचा फरक धरावाच लागतो, आणि ७० च्या खालचा आकडा भरवशाचा नसतो. गुणोत्तर १ आलं की बहुतेक मशीन ८५ च्या आसपास दाखवतात. त्यामुळे बोट हलतंय, सिग्नल नीट नाही आणि आकडा ८५ वर अडकलाय, तर आधी रुग्णाकडे बघा, मग बोट बदला.

गडद नेलपॉलिश, गडद मेंदी, गार पडलेली बोटं, त्याच हातावर फुगलेला बीपीचा पट्टा, वरून पडणारा फोटोथेरपीचा किंवा ऑपरेशन थिएटरचा (ओटी) प्रखर प्रकाश या सगळ्यांनी वाचन बिघडतं. सावळ्या त्वचेवर काही मशीन खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतात. आपल्याकडे हे विसरून चालत नाही. धुरात किंवा चुलीच्या बंद खोलीत गुदमरलेल्या माणसाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड असतो. मशीन त्यालाही ऑक्सिजन समजतं आणि ९८ दाखवतं. तिथे आकड्यावर विसंबू नका, रक्ताची तपासणी करावी लागते.

एकाच रुग्णाचं बीपी दर वेळी वेगळं का येतं?

बहुतेक वेळा दोष पट्ट्याचा आणि बसण्याच्या पद्धतीचा असतो. पट्ट्यातली हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या ८० टक्के लांब आणि ४० टक्के रुंद हवी. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर बीपी जास्त दिसतं. पैलवानी दंड असलेल्या माणसाला नेहमीचा पट्टा लावून ‘बीपी वाढलंय’ म्हणून गोळी सुरू होते, ती अशीच. दोन मापांचे पट्टे हाताशी ठेवणं फार खर्चाचं काम नाही.

दंड हृदयाच्या पातळीला हवा. तो १० सेंटीमीटर खाली लोंबकळत असेल तर ७ ते ८ मिलिमीटर पाऱ्याचा फरक पडतो. मोजण्याआधी ५ मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, आणि बोलणं बंद.

ऑटोमॅटिक मशीन आवाज ऐकत नाही. ते पट्ट्यातल्या हवेची थरथर मोजतं, सरासरी दाब ओळखतं आणि वरचा-खालचा आकडा हिशेबाने काढतं. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर हा हिशेब चुकतो. तिथे हाताने मोजणं बरं. तपासणीसाठी टी जोड लावून पट्ट्याला प्रमाणित मॅनोमीटर (दाबमापक) जोडा आणि ५०, १००, १५०, २०० आणि २५० वर दोन्ही आकडे ताडून बघा. फरक ३ मिलिमीटरच्या आत हवा. पट्टा फुगवून झडप बंद ठेवल्यावर मिनिटाला ६ मिलिमीटरपेक्षा जास्त दाब उतरत असेल तर नळी, जोड किंवा पिशवी गळतेय.

ईसीजीच्या रेघेत बारीक थरथर येते. मशीन बदलावं का?

थांबा, आधी रेघ वाचा. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे ५ मिलिमीटरचा मोठा चौकोन ०.२ सेकंदाचा. एका मोठ्या चौकोनात १० सारखे दाते मोजता आले तर ती ५० हर्ट्झची वीज आहे. अशा वेळी अर्थिंग बघा, रुग्णाची वायर पॉवर कॉर्डपासून लांब करा, खाटेला टेकलेला एक्स्टेन्शन बोर्ड काढा आणि उजव्या पायाचा इलेक्ट्रोड घट्ट बसलाय का पाहा. मशीन बॅटरीवर चालवल्यावर थरथर गेली तर दोष लाइनकडे आहे, मशीनकडे नाही.

दाते अनियमित असतील तर रुग्ण थंडीने किंवा भीतीने आखडलेला आहे. अंगावर पांघरूण घाला. रेघ वर-खाली तरंगत असेल तर जेल सुकलंय किंवा छातीवर घाम-तेल आहे. स्पिरिटने पुसून वाळू द्या. पहिल्या लीडमध्ये सगळंच उलटं दिसलं तर हृदयरोग समजण्याआधी दोन्ही हातांच्या वायरींची अदलाबदल झालीय का बघा. ही चूक मोठमोठ्या ठिकाणी होते. रोज सकाळी १ मिलिव्होल्टचा कॅलिब्रेशन ठोका काढा. त्याची उंची बरोबर १० मिलिमीटर आली पाहिजे.

ऑटोक्लेव्हला १५ पौंड दाब दिला तरी निर्जंतुकीकरण फसतं. का?

पहिलं कारण आत अडकलेली हवा. वाफ आणि हवा यांचं मिश्रण असेल तर काटा १५ पौंड दाखवतो, पण तापमान १२१ अंशांपर्यंत पोचत नाही. हवा पूर्ण निघून अखंड वाफ येईपर्यंत व्हेंट (हवा निघायची झडप) उघडा ठेवा, मगच बंद करा. वेळ तापमान गाठल्यापासून मोजायची, शेगडी किंवा हीटर चालू केल्यापासून नाही. साध्या प्रकारात कापडात बांधलेल्या सामानाला १२१ अंशांना ३० मिनिटं द्या. व्हॅक्यूमच्या मशीनमध्ये १३४ अंशांना साधारण ४ मिनिटं पुरतात.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच आहे. बाहेरच्या हवेचा दाबच इथे थोडा कमी, त्यामुळे काट्यावर तेच १५ पौंड दिसत असताना आतलं तापमान मुंबईपेक्षा सुमारे १ अंशाने कमी असतं. फरक लहान आहे, पण दाबाच्या काट्यापेक्षा थर्मामीटरवर विश्वास ठेवायला एवढं कारण पुरे आहे.

ड्रम गच्च भरला तर वाफ मधल्या गठ्ठ्यात शिरत नाही. इंडिकेटर टेपवर रेघा उमटल्या म्हणजे त्या पृष्ठभागाला उष्णता लागली, एवढंच. जंतू मेले का, हे जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसच्या बीजाणूंची कुपी सांगते. ती आठवड्यातून एकदा ड्रमच्या मध्यभागी ठेवून ऑटोक्लेव्ह चालवा. गठ्ठा ओला निघाला तर तो वापरायचा नाही, कारण ओल्या कापडातून बाहेरचे जंतू आत ओढले जातात.

घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे. काय सांभाळायचं?

हवेतला नायट्रोजन झिओलाइटच्या दाण्यांत अडकवून हे यंत्र साधारण ९३ टक्के ऑक्सिजन बाहेर देतं. दोन नळकांडी आलटून पालटून काम करतात. धप-धप आवाज येतो तो त्याचाच. झिओलाइटला ओल सोसत नाही, आणि गगनबावडा, राधानगरीकडच्या पावसाळ्यात ओलीला तोटा नसतो. मशीन महिनोन्महिने बंद ठेवून एकदम लावण्यापेक्षा अधूनमधून चालवणं चांगलं. भिंतीपासून फूटभर लांब ठेवा, चुलीच्या धुरात ठेवू नका. जाळीचा फिल्टर आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून बसवा. बाटलीत डिस्टिल्ड वॉटर घाला आणि रोज बदला. ५ लिटरच्या मशीनला ताणून जास्त प्रवाह मागितला तर नळीतून हवा येते, ऑक्सिजनची टक्केवारी घसरते. म्हणून वर्षातून एकदा पूर्ण प्रवाहावर ऑक्सिजन अॅनालायझरने मोजून घ्या. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर या खोलीत अजिबात नाही.

चांगल्या कंपनीचं मशीन घेतलं तरी वारंवार बिघडतं. घोडं कुठं अडतं?

जागेत. वीज, अर्थिंग, पाणी, हवा आणि ओल यांचा विचार मशीन आल्यावर नाही, ऑर्डर देण्याआधी करायचा.

अर्थिंगचंच घ्या. शहराच्या सखल भागातल्या काळ्या मातीत अर्थ चांगला लागतो. पश्चिमेकडे जांभा लागतो, आणि तिथे रोधन खूप वाढतं. एप्रिल-मेमध्ये खड्डा सुकला की आणखी वाढतं. म्हणून मोजणी उन्हाळ्यात करा. पावसाळ्यातलं वाचन फसवं असतं. उपकरणांसाठी १ ओमच्या आसपास अर्थ धरावा. सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात २ ते ३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. प्लगची तिसरी पिन कापून दोन पिनवर मशीन चालवणं हा तर गुन्हाच मानायला हवा.

नवं मशीन आल्यावर सेफ्टी अॅनालायझरने दोन गोष्टी मोजल्याशिवाय स्वीकारपत्रावर सही करू नका. पहिली, पॉवर कॉर्डसकट अर्थ जोडणीचं रोधन: ०.३ ओमच्या आत. दुसरी, रुग्णाकडे जाणारी विजेची गळती. मशीनवर चौकोनात माणसाचं चित्र असेल तर नेहमीच्या स्थितीत मर्यादा १०० मायक्रोअँपिअर. चौकोनात हृदय असेल तर फक्त १०, कारण ते उपकरण थेट हृदयाशी जोडायचं असतं. कॅथेटर थेट हृदयात गेलेला असताना त्वचेचा अडसर उरत नाही, आणि हाताला जाणवणारही नाही एवढ्या करंटने ठोका बिघडतो.

डायलिसिसचं पाणी हा दुसरा मोठा विषय. मिनिटाला ५०० मिलिलिटर या हिशेबाने ४ तासांत १२० लिटर द्रव रुग्णाच्या रक्तासमोरून, फक्त एका पातळ पडद्यापलीकडून जातो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आरओचा पडदा पूर्ण अडवत नाही, ते कार्बनच्या टाकीत काढावं लागतं. कार्बन संपला की रक्तातल्या पेशी फुटतात. म्हणून प्रत्येक पाळीआधी क्लोरीन तपासून वहीत लिहा.

कोणतं मशीन किती दिवसांनी तपासायचं?

डिफिब्रिलेटर रोज: बॅटरीवर चालवून टेस्ट डिस्चार्ज द्या आणि कागदाची पट्टी जपून ठेवा. व्हेंटिलेटर प्रत्येक रुग्णाआधी सेल्फ टेस्ट करून. त्यातला ऑक्सिजन सेल हळूहळू संपत जातो आणि फ्लो सेन्सर ओलीने चुकतो. सिरिंज पंप वर्षातून एकदा: ठरावीक प्रवाहावर तासभर चालवून पाणी वजनाने मोजा, ५ टक्क्यांच्या आत फरक हवा. पंपात सिरिंजची कंपनी चुकीची निवडली तर व्यास बदलतो आणि डोसही बदलतो. हा दोष मशीनचा नसतो. फोटोथेरपीचे दिवे डोळ्यांना निळे दिसत राहतात, पण त्यांची ताकद उतरलेली असते. मीटरने मोजा, कावीळ जास्त असलेल्या बाळासाठी दर चौरस सेंटीमीटर, दर नॅनोमीटरला ३० मायक्रोवॉट तरी हवेत. कॉटरीत रुग्णाखालची प्लेट अर्धवट चिकटली तर तिथेच भाजतं, म्हणून वायर आणि प्लेटचा जोड दर केसला बघा.

आणि बॅटऱ्या. दोन-तीन वर्षांनी बदलायच्याच, फुगायची वाट बघायची नाही.

एएमसी घ्यावी की सीएमसी?

एएमसीत (वार्षिक देखभाल करार) मजुरी येते, सुटे भाग तुमचे. सीएमसीत (सर्वसमावेशक देखभाल करार) भागही येतात, पण करारातलं ‘वगळलेले भाग’ हे पान आधी वाचा. सोनोग्राफीचा प्रोब, एक्स-रे ट्यूब, बॅटरी, ऑक्सिजन सेल हे महागडे भाग नेमके तिथेच लिहिलेले असतात. किती तासांत माणूस येणार, वर्षात किती टक्के वेळ मशीन चालू राहिलं पाहिजे आणि न राहिल्यास दंड किती, हे लेखी घ्या. सरकारी दवाखान्यांसाठी २०१५ च्या देखभाल कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयाला ९५, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीला ९० आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला ८० टक्के असं उद्दिष्ट ठेवलं होतं. खासगी करारासाठीही हे माप चांगलं आहे.

सेकंडहँड सोनोग्राफी किंवा एक्स-रे मशीन घ्यावं का?

घेता येतं, पण कागद आधी आणि मशीन नंतर. सोनोग्राफीला १९९४ चा गर्भलिंग निदानविरोधी कायदा लागू आहे. नोंदणी नसलेल्या ठिकाणी मशीन विकणंही गुन्हा आहे आणि घेणंही. जागा बदलायची तरी आधी कळवावं लागतं. मुलींच्या घटत्या प्रमाणामुळे कोल्हापूर जिल्ह्यात सोनोग्राफी मशीनना प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसवले गेले होते. इथल्या डॉक्टरांना या विषयाचं गांभीर्य वेगळं सांगायला नको. एक्स-रेसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवर परवाना लागतो, खोलीचा आराखडा लागतो, कर्मचाऱ्यांना अंगावर पडलेलं किरणोत्सर्जन मोजणारे टीएलडी बॅज लागतात आणि दर दोन वर्षांनी गुणवत्ता चाचणी करावी लागते. सुटे भाग अजून मिळतात का, हे विकणाऱ्याला नको, कंपनीला लेखी विचारा.

पुराच्या पाण्यात मशीन भिजलं तर?

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर हा प्रश्न इथे दर पावसाळ्यात येतो. चालू करून बघू नका. नुसतं भिजलेलं मशीन बऱ्याचदा वाचतं; ओलं असताना वीज दिलेलं वाचत नाही. आधी मेन वीज बंद, मग बॅटरी काढा. पाणी कुठपर्यंत चढलं होतं ती रेघ मशीनवर मार्करने आखा आणि फोटो काढा, विम्याला लागतो. पुराच्या पाण्यात गाळ आणि सांडपाणी असतं, म्हणून हातमोजे घाला. बोर्ड स्वच्छ पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा आणि ४०-५० अंशांच्या कोरड्या हवेत दोन दिवस तरी वाळवा. ट्रान्सफॉर्मर आणि मोटरींना जास्त वेळ लागतो. त्यानंतर इन्सुलेशन आणि गळती मोजून, कॅलिब्रेशन करून मगच वापरात घ्या. व्हेंटिलेटरच्या आतल्या नळ्या, सेन्सर, फिल्टर, ऑक्सिजन सेल आणि कापडी पट्टे वाचवत बसू नका, टाकून द्या.

नदीकाठच्या भागात ऑक्सिजनचा मॅनिफोल्ड (सिलिंडर एकत्र जोडलेली व्यवस्था), यूपीएस आणि जनरेटर तळघरात ठेवणं मुळातच चूक आहे. पूर नसला तरी ओल असतेच: मायक्रोस्कोप आणि एन्डोस्कोपच्या भिंगांवर बुरशी धरते. बंद कपाटात सिलिका जेल ठेवा आणि ओल ६० टक्क्यांच्या खाली राहील असं बघा.

उद्यमनगर किंवा शिरोलीच्या वर्कशॉपमध्ये वैद्यकीय उपकरणं बनवता येतील का?

नक्की येतील, आणि आम्हाला मनापासून वाटतं की बनवावीत. ओतकाम, मशीनिंग, पाइप बेंडिंग, पावडर कोटिंग हे सगळं इथे एका हाकेच्या अंतरावर आहे. सुरुवात खाट, सलाइन स्टँड, स्ट्रेचर, व्हीलचेअरपासून करा. ए वर्गातली जी उपकरणं निर्जंतुक करून विकायची नाहीत आणि ज्यांत मोजमाप नाही, त्यांना परवान्याऐवजी केंद्राच्या पोर्टलवर नोंदणी पुरते. ‘फॅब्रिकेशनच तर आहे’ असं समजून मात्र उतरू नका. खाटेच्या कठड्यातली फट १२० मिलिमीटरच्या आत हवी, नाहीतर डोकं अडकतं. वेल्डिंगचा काटा राहिला तर नर्सचा हात फाटतो. कोटिंग रोजच्या हायपोक्लोराइटच्या पुसण्याला टिकलं पाहिजे. नमुना तुकडा महिनाभर पुसून बघा.

हाडाच्या प्लेटा आणि स्क्रू हा पुढचा टप्पा. सीएनसीवर आकार काढणं त्यातलं सोपं काम आहे. बाजारातलं साधं ३१६ एल स्टेनलेस स्टील चालत नाही. आयएसओ ५८३२ प्रमाणे व्हॅक्यूममध्ये वितळवलेलं, १३ ते १५ टक्के निकेल आणि सव्वादोन ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेलं स्टील लागतं, प्रत्येक हीटचा (एका वेळी वितळवलेल्या घाण्याचा) दाखला जोडून. साध्या स्टीलमधल्या अशुद्ध कणांपाशी शरीरातल्या क्षारांनी खड्डे पडतात, तिथून चीर सुरू होते आणि प्लेट मांडीच्या आत मोडते. पॅसिव्हेशन (ॲसिडने पृष्ठभाग गंजरोधक करणं), स्वच्छता, आयएसओ १०९९३ च्या जैविक चाचण्या, आयएसओ १४९७१ प्रमाणे जोखमीची नोंद आणि आयएसओ १३४८५ ची गुणवत्ता पद्धत हे सगळं उभं करावं लागतं. वर्ग सी असल्याने अर्ज केंद्राकडे जातो. पहिल्या प्लेटेआधी वर्ष-दोन वर्षं कागदपत्रांत जातील, हे भांडवल मोजतानाच धरा.

या क्षेत्रात यायला काय शिकावं?

बारावीला फिजिक्स आणि गणित घेऊन चार वर्षांचं बी.ई. किंवा बी.टेक.; राज्यातल्या जागांसाठी एमएचटी-सीईटी. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षातही जाता येतं. बायोमेडिकलची जागा मिळाली नाही म्हणून हिरमुसू नका. इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन किंवा मेकॅनिकल कोल्हापुरातच करून पदव्युत्तर शिक्षणाला इकडे वळता येतं; गेट परीक्षेत २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. शिकताना शरीररचनेचा अभ्यास मनापासून करा, आणि मल्टिमीटर, ऑसिलोस्कोप, सोल्डरिंग हाताला बसू द्या. सुट्टीत एखाद्या मोठ्या हॉस्पिटलच्या बायोमेडिकल विभागात महिनाभर राहून ओटी आणि आयसीयू बघा. पुस्तकात मॉनिटर एकटाच असतो. आयसीयूत त्याच्याभोवती सात वायरी, दोन पंप, एक नर्स आणि घाबरलेले नातेवाईक असतात, आणि डिझाइन तिथे टिकायचं असतं.

उपकरणामुळे रुग्णाला इजा झाली तर पहिल्यांदा काय करावं?

रुग्णाला सांभाळा आणि दुसरं मशीन लावा. मग पहिलं मशीन आहे तसं बाजूला काढा: सेटिंग बदलू नका, मेमरी पुसू नका, सिरिंज, नळी, प्लेट, इलेक्ट्रोड आणि त्यांची पाकिटं फेकू नका. बऱ्याचदा दोष मुख्य मशीनमध्ये नसून या लहान वस्तूंत असतो, आणि त्याच सगळ्यात आधी कचऱ्यात जातात. वेळ, अलार्म वाजला का, स्क्रीनवर काय होतं, जवळ कोणती इतर मशीन चालू होती, हे तासाभरात लिहून घ्या. मशीनवर ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावून कुलपात ठेवा. कंपनीच्या माणसाला हॉस्पिटलचा माणूस समोर असल्याशिवाय उघडू देऊ नका.

उपकरणांमुळे झालेल्या इजांची नोंद ठेवण्यासाठी देशात जुलै २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम चालतो. त्याचं केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. डॉक्टर, नर्स, इंजिनिअर आणि स्वतः रुग्णही तिथे फॉर्म भरू शकतो. मशीनचं नाव, मॉडेल, सिरियल किंवा बॅच नंबर आणि काय घडलं एवढं लिहिलं तरी नोंद होते. दोष सिद्ध करून दाखवण्याची गरज नाही. इजा होता होता वाचली असेल, तरीही नोंदवा, कारण त्याच बॅचची वस्तू दुसऱ्या गावात कुणाच्या तरी खाटेशेजारी लागलेली असते.